फिलाडेल्फियाची जेन

इंग्लंडातल्या ससेक्समधल्या लुइस गावच्या हेस्टर पिलबीमचा एक ब्लॉग होता, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या, राजा एडवर्डच्या काळातल्या साध्यासुध्या माणसांवरचा. एकटीने लिहून लिहून दमली, तेव्हा तिने वाचकांनाच गळ घातली, "तुमच्या घरातल्या माणसांवर तुम्हीच लिहा की!"

पहिला लेख शेजारच्या डिलिसने दिला, आपल्या आजीवर. आजीचं नाव फिलाडेल्फिया. ती बड्या घरी कामाला लागली त्याच दिवशी मालकीणबाईने बजावलं होतं, "मोलकरणीला असलं भारदस्त नाव शोभत नाही. इथे तू जेन." त्या घरात येईल ती मोलकरीण जेनच व्हायची.

हेस्टरने सवयीने कात्री चालवली. लांबलचक नावाला वाचक अडखळतील म्हणून सगळीकडे 'जेन' केलं, नावाचं रडगाणं नको म्हणून तो परिच्छेद उडवला आणि डिलिसला न विचारताच लेख ब्लॉगवर टाकला.

रविवारी डिलिस चहाला आली.

"वाचलास ना? लोकांना भारी आवडलाय!" हेस्टर म्हणाली.

"वाचला. सुटसुटीत केलास."

हेस्टर खुलली. "अगं, थोडं इकडेतिकडे करावंच लागतं."

"हो ना. मालकीणबाईने निदान आजीला समोर उभं करून सांगितलं होतं."

हेस्टरचा चेहरा कानापर्यंत तापला. डिलिसने शांतपणे चहा संपवला, स्वतःचा कप विसळून पालथा घातला आणि ती निघाली.