दोघांची खुर्ची

बाळांनो, हे तुमच्या आईला वाचून दाखवायला सांगा. मराठी तुम्हाला समजतं, वाचता येत नाही, हे मला माहीत आहे. गेल्या रविवारी तुम्ही फोनवर विचारलंत, आजी-आजोबा कॅनडाला राहायला कधी येणार, आणि मी विषय बदलला. उत्तर कधीच ठरलं होतं. ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहिते आहे.

तुमची आई शाळेत असताना हिवाळ्यात स्कीइंग शिकायची. इथे न्यूझीलंडमध्ये, आमच्या लोअर हट शहरातून आम्ही तिला गाडीने डोंगरावर न्यायचो. आम्ही दोघं कधी शिकलो नाही. साध्या बुटांनिशी लिफ्टमध्ये बसायचो, वर जाऊन थर्मासमधला चहा प्यायचो आणि त्याच लिफ्टने खाली यायचो. लिफ्ट म्हणजे इमारतीतली नव्हे. उंच खांबांवरून फिरणारा लोखंडी दोर आणि त्याला टांगलेल्या उघड्या खुर्च्या, प्रत्येकीत दोघांपुरती जागा. आजोबांच्या वजनाने खुर्ची त्यांच्या बाजूला कलायची, म्हणून डब्याची पिशवी नेहमी माझ्या मांडीवर.

तिथे फोन लागायचा नाही, आणि रागावून उठून जायची सोय नव्हती. त्यामुळे आमच्या घरात रीतच पडली. एखाद्या मोठ्या विषयावर आवाज चढले की दोघांपैकी एक जण म्हणायचं, लिफ्टवर बोलू. मग तो विषय हिवाळ्यापर्यंत बंद. हे घर घ्यायचं ते तिथेच ठरलं. तुमच्या आईला शिकायला परदेशी पाठवायचं तेही तिथेच, आणि त्या दिवशी मी उतरले ती डोळे पुसत.

गेल्या हिवाळ्यात कळलं की लिफ्ट फार जुनी झाली आहे, हंगाम संपला की काढणार. आजोबा म्हणाले, एकदा जाऊन येऊ. कॅनडाचा विषय तेव्हा कित्येक महिने तसाच पडून होता. त्यांना यायचं होतं. मोठ्या बॅगाही त्यांनी आणून ठेवल्या होत्या. मी त्या बॅगांवर इस्त्रीचे कपडे ठेवत असे.

लिफ्ट चालवणाऱ्या बाईंनी आमच्यासाठी वेग कमी केला. आजोबांचा गुडघा वाकेना, तेव्हा मी दंडाला धरून त्यांना बसवलं. ‘स्वीट ॲज,’ म्हणजे इथल्या बोलीत ‘झालं, मस्त,’ असं म्हणून बाईंनी हात हलवला आणि आम्ही निघालो. अर्ध्या वाटेत वाऱ्यामुळे लिफ्ट थांबली. एरवी बोलायला सुरुवात आजोबाच करायचे. त्या दिवशी ते नुसते खालच्या बर्फाकडे बघत राहिले, म्हणून मी बोलले.

“अहो, मी थकले आहे. हे घर आवरेन, लहान घरात जाईन. पुन्हा नव्या देशात संसार मांडायला मला नाही जमणार.”

ते म्हणाले, “एवढ्या उंचावर आणून नाही म्हणतेस. माणसाला पळताही येत नाही.”

“पळायला गुडघा कुठे आहे तुमचा?”

ते हसले नाहीत. “पोरांना काय सांगू?”

“तुम्ही नका सांगू. मी लिहीन.”

लिफ्ट पुन्हा सुरू झाली. वर पोचेपर्यंत मला इतका थकवा आला होता की थर्मासचं झाकणही त्यांनीच उघडलं. खाली येताना त्यांनी विचारलं, लहान घराला थोडी बाग असेल ना? म्हणजे ठरलं, एवढं मला कळलं.

लिहीन म्हटलं आणि रोज उद्यावर टाकत गेले. तुम्हाला वाईट वाटणार. आजोबांना अजून तिकडे यावंसं वाटतं; बॅगा त्यांनी अजून माळ्यावर टाकलेल्या नाहीत. माया कमी झालेली नाही, अंगातलं बळ कमी झालं आहे. तुम्ही सुट्टीत या. लहान घरातही तुमच्या गाद्या मावतील, मी मोजून पाहिलं आहे.

या उन्हाळ्यात लिफ्ट काढली. आम्ही जाऊन बघून आलो. दोर नाही, खुर्च्या नाहीत. खांबांखालचे सिमेंटचे चौथरे तेवढे डोंगरावर राहिले आहेत.