मालवणचं कांदळ, कच्छचा चेर

गोंडपिपरीहून निघालो तेव्हा पिशवीत दोन शर्ट आणि मालवणचा एक पत्ता होता. माझी मुलगी सुजाता माझ्या मनाविरुद्ध समुद्रकाठची झाडं मोजण्याची नोकरी करते. तिची आई वारल्यावर पुण्यानुमोदनाला ती आली, तेव्हा मी सगळ्यांसमोर बोललो होतो, "माय मरून राह्यली होती अन् तू झाडं मोजून राह्यली होती." ती त्याच संध्याकाळी निघून गेली. आता तिला घरी बोलवायला मी चाललो होतो. पत्ता जुन्या पार्सलावरचा. नवा कोणाकडे मागावा, तर माझा राग आडवा येत होता.

मी लाकडाचा व्यापारी. डोक्यावर मोळ्या वाहून दुकान उभं केलं. झाड दिसलं की नजर आधी बुंध्यावर जाते. मालवणच्या खाडीत नजर ठरेना. चिखलातून वर आलेली मुळं, त्यांवर दाट कांदळ (खारफुटी), एकाच काठाला चार-पाच जातींचं. पाऊस भरपूर, शिवाय वरून नदी गोडं पाणी आणते. होडीवाल्याशी भाड्यावरून भांडलो, मग त्यालाच सुजाताचं विचारलं.

"तां चेडू (मुलगी)? तां कच्छाक गेला. वरीस झाला. बापाशीक ठावक नाय?"

"ठाऊक असतं तं तुह्या होडीत काऊन बसलो असतो?"

तो रागावला नाही. घरी नेऊन भात आणि बांगड्याचं तिखलं वाढलं.

गाड्या बदलत भुजला पोचलो, तिथून झाडं मोजणाऱ्या पोरीचा ठिकाणा विचारत किनाऱ्यावर. इकडे नुसतं ऊन, मीठ आणि वारा. पाऊस नावापुरता, नदी कोरडी. खारफुटी जवळजवळ एकाच जातीची, चेर (तिवर), माझ्या कमरेइतकी. पान चाटून पाहिलं, खारट. इथले उंट भरतीच्या पाण्यात पोहत बेटांवर जातात आणि हाच पाला खातात.

सुजाता गुडघाभर चिखलात उभी होती.

"बाबा? तुम्ही इथी?"

"आलो फिरत फिरत. हे तुही झाडं? आपल्याकडं याले झुडूपबी म्हणत नाई कोणी."

"मालवणात हेच झाड दोन पुरुष उंच होते, बाबा. इथी गोडं पाणीच नाई. वयानं माह्याएवढं असंन ते."

दुपारी तिच्या खोलीवर बाजरीचा रोटला आणि ताक. खाली मान घालून ती म्हणाली, "आई रोज फोन करे. मी येतो म्हटलं की म्हणे, नोको येऊ, बाबा चिडतीन."

मी तिला मीठ मागितलं.

सौद्यात आधी बोलतो तो हरतो, हे मी जन्मभर पाळलं. दोन दिवस थांबलो. वाटत होतं, तिनंच म्हणावं, बाबा, मी घरी येऊ का? पण ती माझीच मुलगी. निघताना बसच्या खिडकीपाशी पाण्याची बाटली देऊन ती उभी राहिली. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. मी म्हणालो, "उन्हात टोपी घालत जाय."

गोंडपिपरीला उतरलो. घराच्या फाटकातच शेजारच्या कमलाबाईंनी गाठलं.

"भाऊ, पोरगी कुठी हाय? नाई म्हणली का?"

"तिले विचारलंच नाई, बाई."

मी कुलूप काढलं. दोन्ही किनारे पाहून आलो. एकीकडे झाड का वाढतं आणि दुसरीकडे तेच का खुरटतं, हे आता कोणालाही समजावून सांगीन. तिकडे सुजाताला मात्र वाटत असेल, बाबा झाडं पाहायला आले होते.