सुटी भिंत

भिंतीला हात घालायच्या आधी मिस्त्री जुन्या भिंतीवर तळहात टेकवून उभे राहायचे. लेकराच्या कपाळावर हात ठेवून ताप बघावा तसे. मग घरमालकाकडं मान वळवून विचारायचे, "कायमची का सुटी?"

मालकाला कळायचं नाही. तुम्ही घर बांधलं असेल तर तुम्हालाही हे कुणी विचारलं नसेल. आपण विटांचा भाव बघतो, सिमेंटच्या गोण्या बघतो, पण नवी भिंत जुनीला कशी धरून उभी आहे ते गिलाव्याखाली जातं. कायमची म्हणजे जुन्या भिंतीत एक थर सोडून एक अशा खाचा पाडायच्या आणि नव्या विटांची टोकं त्यात घुसवायची. मग दोन्ही भिंतींचा जीव एक होतो. सुटी म्हणजे नुसती शेजारी उभी करायची. दिसायला दोन्ही सारख्याच.

मी चंद्रपूरकडची. शाळा आठवीत सुटली, लग्न झालं, नवऱ्याच्या कंपनीमागं औरंगाबादला आले. कंपनी बंद पडली तसा नवरा काम शोधायला पुण्याकडं गेला आणि त्याचं परत येणं लांबतच गेलं. मी मजुरांच्या नाक्यावर उभी राहू लागले. तिथं मिस्त्री सायकल टेकवून उभे होते. पांढरी दाढी, तिच्यात सिमेंटचा करडा थर वेगळा.

"कुठली गं तू?"

"चंद्रपूरची. काम पाहून राहिली."

"पाहून राहिली," त्यांनी माझीच चाल लावून म्हटलं. "पाहून झालं असंल तर चल, घमेलं उचल."

पुंडलिकनगरात खोली बघितली तेव्हा घरमालकीण म्हणाली, "एकटी बाई, परक्या मुलखाची. हिला जामीन कोण राहणार?"

"मी," मिस्त्री म्हणाले.

"तुमचं नि हिचं नातं काय?"

"नातं काय असणार? ही माझा माल कालवते."

मालकीण हसली आणि खोली मिळाली. गल्लीत आल्यावर मला म्हणाले, "आता निघून गेलीस तर ती बाई माझी सायकल ठेवून घील." माझी झोप फार हलकी. उद्या काम मिळेल का, खोली राहील का, असं काहीबाही डोक्यात चालू असतं. पण या शहरात आपल्यासाठी कुणीतरी 'मी' म्हणालं आहे, एवढ्या आधारावर मला डोळा लागायचा.

त्याच भागात दोन भावांचं घर होतं. थोरले शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, आम्ही त्यांना सर म्हणायचो. धाकट्यांचा वैजापूरला कापसाचा व्यापार. वाटणी झाली होती आणि बैठकीच्या मधोमध भिंत घालायची होती.

"बाँडवर लिहून झालंय," धाकटे म्हणाले. "भिंतीत दार नको, खिडकी नको."

मिस्त्रींनी तळहात टेकवला. "कायमची का सुटी?"

काय ते समजावून सांगितल्यावर दोघंही एकदम म्हणाले, "कायमची."

सर कामावर खुर्ची टाकून बसायचे. मिस्त्रींचा जीव पाण्यात. ताज्या भिंतीवर सारखं पाणी मारायला लावायचे, मी दमले तर स्वतः बादली घ्यायचे. लोकांना वाटतं सिमेंट वाळलं की घट्ट होतं. मिस्त्री म्हणायचे, "वाळलं म्हणजे मेलं."

"बरोबर आहे," सर एकदा म्हणाले. "पाणी उडून जात नाही, मिस्त्री. सिमेंटाशी त्याचा संयोग होतो. तिसराच पदार्थ तयार होतो, मग दोन्ही वेगळे काढता येत नाहीत."

"इतकं ठाऊक असून, सर, भावासंगं वाटणी?"

सर म्हणाले, "माणसं सिमेंट नसतात."

"नसतेत. माणसांवर पाणी मारलं तर चिडतेत."

सरांनाही हसू आलं. तेवढ्यात पलीकडून धाकट्यांचा आवाज आला आणि ते हसू त्यांनी गिळलं.

विटा मीच हातात देत होते, म्हणून मला दिसलं. खाचा पाडल्याच नव्हत्या. मिस्त्री भिंत सुटीच उचलत होते. मी हळूच म्हटलं, "मिस्त्री, खाचा?"

"माल दे."

दुपारी भाकरी सोडल्यावर त्यांनी आपणहून सांगितलं. भावाभावांच्या मधली भिंत ते कधीच कायमची बांधत नसत. मालक काहीही म्हणो. "आज रागात हायेत. उद्या तोंडं सरळ झाली तर घराला इजा न होता भिंत निघाली पाहिजे. आपण वाट ठेवावी."

"आजपर्यंत कुणी काढली?"

"अजून नाय," ते म्हणाले. नंतर माझ्या लक्षात आलं की कामावरून परतताना ते सायकल वाकड्या गल्ल्यांतून का नेतात. जुनी कामं होती ती. दारासमोर वेग कमी करायचे, आत नजर टाकायचे आणि पुढं जायचे.

त्यांचं स्वतःचं घर जुन्या शहरात होतं. निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शननंतर आजूबाजूचे बरेच लोक निघून गेले, पण त्यांचे वडील राहिले आणि दगडमातीचं ते घर त्यांनी उभं केलं. पुढं मिस्त्री आणि त्यांचा धाकटा भाऊ नळाच्या पाण्यावरून भांडले. नळावरून सुरू झालं आणि कुठल्या कुठं गेलं. मधली भिंत मिस्त्रींनी स्वतः बांधली. "माझ्या हातची सगळ्यात चांगली भिंत," ते म्हणाले, आणि भाकरीचा तुकडा तसाच हातात राहिला. भाऊ आजारी पडला तेव्हा त्याचं कण्हणं भिंतीतून ऐकू यायचं. एका सकाळी यायचं थांबलं.

"दारानं जायचं ना," मी म्हटलं. "गल्लीतून चार पावलांवर दार."

"दारानं जायला तोंड लागतं, पोरी."

पावसाळा सरल्यावर सरांकडचा निरोप आला. धाकट्यांनी त्या भिंतीला कडाप्प्याच्या फरश्या ठोकून त्यावर धान्याचे डबे रचले होते. भारानं भिंत हलली आणि सांध्यात वरपासून खालपर्यंत चीर गेली, बोट जाईल एवढी. दुसऱ्या एका मिस्त्रीनं गिलावा खरवडून सगळं उघडं केलं होतं.

"ही सरळ बेइमानी आहे," सर म्हणाले. "आम्ही सांगितलं काय, तुम्ही केलं काय? डबे पोरांच्या अंगावर आले असते."

"दादा बरोबर बोलतोय," धाकटे म्हणाले. "दादाची नात इथंच खेळत होती."

मिस्त्री चिरेकडं बघतच नव्हते. ते आळीपाळीनं त्या दोघांकडं बघत होते.

"बघताय काय?"

"काय नाय. दोघं एका खोलीत आलात. बरं वाटलं."

त्यावर दोघंही जास्तच भडकले, आणि त्यांचं काही चुकलं असं मला आजही म्हणता येत नाही. डबे खरंच पडले असते. मिस्त्रींनाही ते कळत होतं. त्यांनी वाद घातला नाही. भिंत उतरवली, जुन्या भिंतीत खाचा पाडल्या आणि नवे थर आत घुसवले. मी पाणी मारलं. त्या कामावर ते दुपारचं जेवले नाहीत, आणि पुन्हा कधी त्या गल्लीतून सायकल नेली नाही.

नाक्यावर बातमी पोचायला वेळ लागत नाही. 'मिस्त्रीचं काम सुटतं' असं लोक म्हणू लागले. ठेकेदार येऊन दुसऱ्यांना उचलायचे. मिस्त्री सकाळी नेमानं यायचे, थापी पिशवीत तशीच असायची. कुणी बिगारी शोधत आला की मला पुढं ढकलायचे, "हिला घ्या, ही पाण्याला चुकत नाय." मला काम मिळायचं. मी गाडीत चढून मागं बघायची तेव्हा ते सायकलच्या साखळीत काहीतरी शोधत असायचे.

मग त्यांना दम्यानं धरलं आणि नाक्यावर येणं थांबलं. ते गेले तेव्हा मी अजिंठ्याकडं एका कामावर होते. कळलं तोवर दफन होऊन गेलं होतं.

त्यांच्या घरी पोचले तर चाची, मिस्त्रींची बायको, एकटीच खाटेवर बसलेली. एक लेक, ती जालन्याला दिलेली, आपल्या लेकरांमुळं परत गेली होती. त्यांच्या रिवाजानं नवरा गेल्यावर चार महिने आणि वर काही दिवस चाचीनं उंबरा ओलांडायचा नव्हता. मी बसले असतानाच पलीकडच्या घरातून पुतण्या आला. त्याच भावाचा मुलगा.

"तुम्ही बडे अब्बांसंगं काम केलं ना? मग मधी एक दार पाडून द्या, बाई. बडी अम्मीला भायेर येता येत नाय. माझी बायको गल्लीतून ताट झाकून आणती. दार झालं तर ही आमच्यात बसंल, पोरं हिच्यात खेळतील."

मी काही मिस्त्री नव्हे. तरी छन्नी-हातोडा मागून घेतला, आणि मला वाटतं त्या दिवसाइतक्या खुशीनं मी कधीच काम सुरू केलं नसेल. आधी गिलावा उतरवला. खाली लाल विटांची ओळ लागली. एकही सांधा खालच्या सांध्यावर आलेला नाही, एकही थर वाकडा नाही. कडेपर्यंत गेले तर विटांची टोकं बापाच्या दगडी भिंतीत खोल शिरलेली. वरची लाकडी तुळईही याच भिंतीवर टेकवलेली. मी मधल्या विटेवर घाव घातला तशी बाजूच्या दगडांतून माती गळाली. दुसरा घाव घातला आणि वरचे पत्रे कुरकुरले.

"राहू दे, बेटा," चाची खाटेवरून म्हणाली. "छत हलतंय."

जागा बदलून पाहिली. पलीकडून जाऊन पाहिलं. भिंत काढायची तर घर काढावं लागलं असतं.

पुतण्या जवळ आला. त्यानं ही भिंत जन्मापासून बघितली होती, पण गिलाव्याखालून पहिल्यांदाच बघत होता. एका थरावरून त्यानं या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवला.

"काय पक्कं बांधायचे बडे अब्बा," तो म्हणाला.

मी खपली झाडून गोळा केली आणि विचारलं, गिलावा पुन्हा चढवून देऊ का. तो म्हणाला, नको, असंच राहू द्या. बाहेर गल्लीत चपला वाजल्या. त्याची बायको ताट घेऊन वळसा घालून येत होती.