पंखवाल्याची बहीण

मी बेळगाव सोडून बेंगळूरला निघाले त्या संध्याकाळी बाबा बसस्टँडवर आले नव्हते. अर्धांगाच्या झटक्यानंतर ते कॉटवरून उठत नसत. पाया पडले तेव्हा चालणाऱ्या हातानं डोकं थोपटत म्हणाले, "एकानं जायचं, एकानं राहायचं. दोघं गेलात तर दुकानाला कुलूप."

कोण राहणार हे आधीच ठरून गेलं होतं. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. त्याला इंजिनिअरिंगची सीट बेंगळूरलाच मिळाली होती. त्याच उन्हाळ्यात बाबा पडले आणि तो बाबांच्या मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात बसला. नंतर माझी वेळ आली, तेव्हा माझ्यासाठी कुणी आजारी पडलं नाही. दादानं माझी बॅग वर ठेवली, खाली उतरला आणि बस हलायच्या आधीच पाठ फिरवून चालायला लागला. हात तरी हलवायचा, असं मला किती दिवस वाटत राहिलं.

आई मी सात वर्षांची असताना गेली. त्यानंतर मला सांभाळलं ते दादानं आणि कॉमिक्सनी. कॅम्पात एक जुन्या पुस्तकांचा विक्रेता होता. मिलिटरीतली कुटुंबं बदली झाली की त्याच्याकडे पोरांची इंग्रजी कॉमिक्स टाकून जात. कव्हर फाटलेली, मधलेच अंक, पुढचा आधी आणि मागचा कधीच नाही. दुकानात मागच्या बाजूला, वार्निशच्या वासात, दादा पोत्यावर मांडी घालून ती मला वाचून दाखवायचा. मी मराठी शाळेतली, मला फक्त चित्रं कळायची. लोखंडी पंख लावून उडणारा एक हीरो होता, त्याचं नाव आम्ही पंखवाला ठेवलं होतं. त्याला एक बहीण होती. काही अंकांनंतर ती दिसेनाशी झाली.

"त्याची बहीण कुठाय?" मी दर वेळी विचारायची.

"शिकायला गेलीय की लांब. येईल पुढच्या अंकात."

बेंगळूरला मी आधी कोरमंगलातल्या पीजीत राहिले, तिघी एका खोलीत. मग फ्लॅटमेट्स, मग एकटीचा वन बीएचके. नोकरी लागली; स्टँडअप मीटिंग, डेडलाइन, अप्रेझल यांत वर्षं गेली. बाबा गेले तेव्हा मी चार दिवसांची लीव्ह टाकून गेले आणि परत येऊन लॉगिन केलं. एकदा एका पुस्तकाच्या दुकानात पंखवाला दिसला. सगळे जुने अंक क्रमानं लावून जाडजूड बांधणीत काढले होते, रंग नव्यासारखे, कागद गुळगुळीत. मी एकेक खंड घेत गेले. तिसऱ्या खंडात एक जहाज बुडतं. पंखवाला उशिरा पोचतो. बहीण मरते. तिच्या दफनाची दोन पानं आहेत, त्यांत एकही शब्द नाही.

मला हसू आलं. बिचारा दादा! इंग्रजी कळत नसणार, चित्रं बघून ठोकून देत असणार. पण दफनाची पानं आम्ही पाहिल्याचं मला आठवेना.

गेल्या वर्षी दादाच्या डोळ्याचा पडदा सुटला. शुगर होती. बाबांना एकटं टाकून कुठं जायचं म्हणून कधी नीट दाखवलंच नव्हतं, आणि बाबा गेल्यावर सवय राहिली नाही. मी त्याला इकडे बोलावून घेतलं, ऑपरेशन झालं. डोळ्यात गॅस भरला होता, त्यामुळे दिवसरात्र पालथं राहायचं. "अण्णा, तले केळगे," मान खाली, असं नर्स दर थोड्या वेळानं बजावायची. घरी आल्यावरही तो माझ्या दिवाणावर पालथा, कपाळ उशीच्या कडेला, तोंड जमिनीकडे. त्यानं लग्न केलं नव्हतं. करायला माणूस मी एकटीच.

तो कंटाळला, म्हणून मी पंखवाल्याचा तिसरा खंड काढला. या वेळी मी वाचत होते, तो ऐकत होता. चित्रंही सांगत होते. जहाजाशी आले आणि थांबले.

"वाच की," तो खालूनच म्हणाला. "मरतीय ती."

"तुला माहीत होतं?"

"इंग्लिश यायचं मला तेवढं. ती दोन पानं मीच ब्लेडनं कापून काढली होती."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"आई जाऊन वर्ष नव्हतं झालं. तू रोज दाराकडं बघायचीस. तुला आणखी एक मेलेली कुठं सांगू?"

मला त्याचा चेहरा दिसत नव्हता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग तो म्हणाला, "चूकच झाली ती. गेलेलं माणूस येतंय परत, असं शिकवलं तुला. म्हणून तू एवढी हलकी होऊन गेलीस. परत यायचंच आहे म्हणून. मला माहीत होतं तू येत नाहीस. बसस्टँडवर उभं राहायला झालं नाही मला."

मी खंड मिटला. त्यानंही पुढचं विचारलं नाही. तो बरा होईपर्यंत आम्ही गोळ्या, जेवण आणि थेंब, एवढंच बोललो.

एका डोळ्याला थोडं दिसायला लागलं, पण मोटरची बारीक तार भरण्याइतकं नाही. त्यानं दुकान भाड्यानं दिलं आणि मागोमाग घरातली वरची माझी खोलीही. "आलीस तर आधी फोन कर," म्हणाला. रागानं नाही, सोय बघायला.

ऑफिसात विचारतात, नेटिव्ह कुठलं? मी बेळगाव सांगते. पुण्याकडचे म्हणतात, म्हणजे तू कानडी. इथले म्हणतात, म्हणजे मराठी. पूर्वी मला याचं वाईट वाटायचं नाही, कारण वादाच्या पलीकडे एक घर आहे असं मी धरून चालले होते. निघून आलेल्या आपल्या सगळ्यांचंच ते असतं: आपण सोडलं तसंच थांबलेलं, आपल्यासाठी. तिथं राहिलेल्यांना मात्र थांबायला वेळ नसतो.

दिवाळीला गेले. फोन करूनच गेले. जिन्यावरून भाडेकरू बाईंनी वाकून बघितलं आणि कानडीत दादाला विचारलं, कोण आलंय?

दादा दारात आला. त्यानं माझ्याकडे डोळे बारीक करून पाहिलं.

"नेंटरु," तो वर बघून म्हणाला. पाहुणे. "बेंगळूरहून."

मग आत गेला आणि माझ्यासाठी तांब्याभांडं घेऊन आला.