लाल बॅग आणि फौजीची जागा

"गेला तो गेला. दुबईला गेलेल्यांच्या खुर्च्या मी राखत बसतो काय?"

आगरदांड्याच्या बर्फ कारखान्यात हमीदशेठ असे गरजत होते, की पलीकडे दिघीच्या काठावरचे बगळे उडाले. त्यांचा टॅक्स आणि पीएफ मी बघतो. माझा चहा कपातच घाबरून गार पडला.

कॉम्प्रेसर चालवणारा विलास प्रादेशिक सेनेत होता. म्हणजे एरवी आपली नोकरी करायची, दरवर्षी ट्रेनिंगला जायचं, आणि बोलावणं आलं की वर्दी चढवून हजर व्हायचं. बोलावणं आलं. "शेठ, जातो," म्हणून तो गेला.

आता आमच्या किनाऱ्यावर माणूस "जातो" म्हणाला की तो आखातातच जातो. शेठचा रिवाज ठरलेला. हिशोब मिटवायचा, एक लाल बॅग भेट द्यायची, जागेवर दुसरा बसवायचा. विलासच्या जागेवर शेठचा भाचा बसलासुद्धा होता. बॅग घ्यायला विलासच्या बायकोला, वनिताला, बोलावलं होतं. तिला सातवा महिना. बॅगेला ती हात लावेना.

"बॅग घेतली की नोकरी गेली, एवढं मला कळतं, शेठ. बाळंतपणाचा मेडिक्लेम कंपनीचाच हाय."

शेठनी माझ्याकडे पाहिलं. "म्हात्रे, तू सांग हिला."

"मी तुम्हालाच सांगतो. तो दुबईला नाही, प्रादेशिक सेनेत गेलाय. हा राजीनामा नाही. सैन्यानं बोलावलं तर मालकानं रजा द्यायची. कुणी काढून टाकलंच, तर परत आल्यावर आधीपेक्षा कमी नसलेल्या अटींवर घ्यायचं. कायदा आहे."

"आणि पगार?"

"तिकडचा सेना देते. तुम्ही वर काही दिलंत तर तो पगारखर्च. नफ्यातून वजा. मेडिक्लेमचा हप्तासुद्धा."

'नफ्यातून वजा' ऐकल्यावर शेठचा आवाज चार मजले खाली उतरला. "भाच्याला काय सांगू?"

"बदली कामगार."

शेठनी बॅग टेबलाखाली सरकवली. "थोडा पगार आणि मेडिक्लेम चालू ठेव," म्हणाले. वनिता तेव्हा कुठे खुर्चीत बसली.

मग विलासला फोन. दोन ठिकाणांहून पगार आला की दोघंही आपल्यापुरताच कर कापतात, आणि रिटर्न भरताना बेरीज होऊन बाकी अंगावर येते. त्याला म्हटलं, "तिकडच्या पगाराचा कागद पाठव, इथे एकत्र धरून कापू."

भाच्याचा बर्फ मात्र मुरूडला पोचेपर्यंत सरबत व्हायचा. टेम्पोतली कोलंबी पोहत परत समुद्राला मिळाली असं लोक म्हणतात. मी म्हणत नाही. नाकारतही नाही.

वनिताला मुलगी झाली. मेडिक्लेम पास झाला. विलास परतला तो थेट आपल्या कॉम्प्रेसरवर, मधल्या काळात झालेल्या पगारवाढीसकट. लाल बॅग भाच्यानं आखातात, दोह्याला नेली. शेठ बाजारात सांगत सुटले, "फौजीची जागा म्हणजे अमानत. मी राखली."

धडा एवढाच, की माणूस कुठे गेला हे विचारल्याशिवाय त्याचा हिशोब मिटवू नये.

नंतर एकदा मी शेठना खोदून विचारलं, "खरं सांगा, कायदा नसता तर विलासला परत घेतलं असतंत?"

शेठनी बशीतला चहा संपवला.

"भाच्याचा बर्फ बघितलास ना?"