नाव, गाव आणि एकच गोष्ट

त्या दिवशीच्या माझ्या यादीत पाच कामं होती. तिसरं होतं ‘दौलतभाऊंना कार्बन कागद’. शाळा सुटल्यावर मंगरूळपीरच्या स्टँडसमोरच्या दुकानातून मी पाकीट घेतलं, तेवढ्यात अकोल्याहून आलेल्या गाडीचा कंडक्टर खाली उतरला. माझ्या हातातलं पाकीट बघून तो जरा थांबला. “बाई, भाऊसाठी नेऊन राह्यल्या का? भाऊ तं सकाळीच गेले. दवाखान्यातूनच येऊन राह्यलो मी...” ते काम झालं म्हणून खोडायचं की राहिलं म्हणून पुढच्या पानावर घ्यायचं, हे मला आज दीड महिन्यानंतरही ठरवता आलेलं नाही.

दौलतभाऊंचा धंदा काय, असं कोणी विचारलं की सांगताना माझी पंचाईत होई. ते वकील नव्हते, पुढारी नव्हते. ग्रामसेवकाची नोकरी सोडून त्यांनी बौद्धपुऱ्यात एक खोली घेतली होती आणि तिथे दोन प्रकारची माणसं येत. निवडणुकीला उभे राहणारे येत, कोणत्या गावाला काय हवं आहे, कुठे काय बोलावं आणि कुठे गप्प बसावं हे विचारायला. त्यांच्याकडून भाऊ एकच कबूल करून घेत : निवडून आलात, तर मी आणीन त्या माणसांचं तासभर ऐकायचं. आणि दुसरी साधी माणसं. रस्ता, विहीर, शाळा मागणारी, साहेबापुढे उभं राहिलं की घसा कोरडा पडणारी. मी शाळेत शिक्षिका. शनिवारी-रविवारी त्यांचे अर्ज लिहून द्यायची. माझं अक्षर वळणदार आणि कागद नीट लावायची सवय जुनी, एवढीच माझी पात्रता.

खोलीच्या मधोमध एक लाकडी हातांची खुर्ची असे. तिच्यावर कोणी बसायचं नाही. ती साहेबाची. आलेल्या माणसाने तिच्यासमोर उभं राहून बोलायचं आणि भाऊ कोपऱ्यात सतरंजीवर बसून ऐकणार. नियम एवढाच, की आधी नाव, मग गाव, मग एकच गोष्ट. माणूस भरकटला की कोपऱ्यातून आवाज येई, “परत.” तांड्याचे हरसिंग नाईक पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी खुर्चीला विहीर मागितली, मग रस्ता मागितला, मग तलाठ्याची तक्रार सुरू केली. भाऊ म्हणाले, “नाईक, साहेब उठून गेला जेवाले. परत.” नाईक चिडले. “लाकडाले काय सांगू मी? थे मुंडी तरी हलवते का?” “साहेब तरी कुठी हलवते? म्हनून तं सवय करा.” खोलीत हशा पिकला, आणि सातव्या खेपेला नाईकांनी तीन वाक्यांत विहीर मागितली. खुर्चीशी बोलून झालं की मगच माणसापुढे जायचं, हा भाऊंचा शेवटचा नियम.

विहिरीच्या त्या अर्जाला घरांची यादी जोडायची होती. भाऊंनी सांगितलं होतं, कुटुंबप्रमुखाचं नाव आणि अंगठा, बस्स. मी तांड्यावर गेले, दारोदार फिरले आणि मला वाटलं, पाणी किती तोंडांना लागतं हेही दिसलं तर अर्जाला वजन येईल. म्हणून पट्टी घेऊन मी आणखी एक रकाना आखला : घरातील मुले. रामधनच्या घरात त्याची स्वतःची एक तान्ही मुलगी होती आणि वारलेल्या भावाची दोन मुलं. एका चुलीवर जेवणारी म्हणून मी त्याच्या नावापुढे तीन लिहिलं. दोन प्रती केल्या. भाऊंनी रकान्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “चांगलं दिसते.” मला फार आनंद झाला होता.

वर्षभर उत्तर आलं नाही. फाईल सापडत नाही, असं कचेरीतून सांगत. मग आणीबाणी आली, नसबंदीची शिबिरं आली, आणि न सापडणारी ती यादी बरोबर सापडली. कचेरीचं नाव इथे लिहीत नाही. बाजाराच्या दिवशी तांड्याच्या वाटेवर जीप उभी राहिली आणि खाली उतरलेल्या माणसाने माझ्या अक्षरातली नावं वाचायला सुरुवात केली. तीन किंवा जास्त मुलं असलेले. रामधन चोवीस-पंचविशीचा असेल. भावाची लेकरं आहेत, असं तो सांगत राहिला. कागदावर तसं कुठे लिहिलेलं नव्हतं. त्याला जीपमध्ये घालून शिबिरात नेलं.

आठ-दहा दिवसांनी नाईक त्याला घेऊन आले. भाऊ उठले, त्याचा हात धरून त्याला त्या खुर्चीजवळ नेलं. “बस.” “मी कायले? थे साहेबाची हाय.” “बस म्हनतो ना.” तो अवघडून टोकावर बसला, आणि भाऊ त्याच्यासमोर हात जोडून उभे राहिले. नाव सांगितलं, गाव सांगितलं. “एकच सांगाचं हाय. थे यादी माही होती.” रामधनने विचारलं, “भाऊ, तीन कोनं लिवले?” “यादी माही हाय, रामधन.” मी टेबलामागे होते. हातात पेन होतं, समोर कोरा कागद होता... मी त्यावर तारीख घातली. शेवटी रामधनच म्हणाला, “मंग आता विहीर सोडू नोका. इतकं झालं तं पानी तरी येऊ द्या.”

त्या वाक्याने भाऊंना कायमचं बांधून टाकलं. ज्या कचेरीच्या पायऱ्या चढायची त्यांना किळस आली होती, तिथेच ते दर आठवड्याला जात राहिले, जीपमधून उतरलेल्या त्याच माणसाला नमस्कार करत. बोलावं तर तुरुंग, गप्प राहावं तर आपणही त्यांच्यातलेच. एकदा मी म्हटलं, खोली बंद करा. “अन् थे जातीन कोनाकडं?” एवढंच म्हणाले. यादी मात्र त्यांनी पुन्हा कुणाची करू दिली नाही. “अर्ज लिवा बाई. मानसं मी संग नेतो.” विहीर झाली. पाणीही लागलं. तांड्यावर गेलं की रामधनची बायको त्यांच्यापुढे त्या विहिरीच्या पाण्याचा तांब्या ठेवी. नाही म्हणता येत नसे. ते दोन्ही हातांनी तांब्या धरून बसत आणि उठायच्या वेळी एका दमात रिकामा करत. मला त्या रकान्याबद्दल त्यांनी कधी एक शब्द विचारला नाही. विचारला असता तर मी सुटले असते, असं मला पुष्कळदा वाटलं.

रामधनला वाचता येत नाही. तेव्हा हे वर्तमानपत्राच्या पुरवणीत छापून येणं म्हणजे त्याला सांगणं नव्हे, हे मला कळतं. खोलीची किल्ली अजून माझ्याकडे आहे. गेल्या रविवारी कागद आवरायला म्हणून गेले. सतरंजी गुंडाळून ठेवलेली, खुर्ची मात्र जागच्या जागी. मी तिच्यासमोर उभी राहिले. नाव सांगितलं. गाव सांगितलं. मग म्हटलं, की पाणी किती लागेल ते दिसावं म्हणून, अर्जाला वजन यावं म्हणून, मुलं एका चुलीवर जेवत होती म्हणून... आणि थांबले. कोपऱ्यातून काही आवाज आला नाही. मी पदर नीट केला आणि परत नावापासून सुरुवात केली.