परमिट परत आलेलं नाही

साहेब लोकांना एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती गोड शब्दांत सांगणं मला जमणार नाही. मी तुमसर तालुक्यातल्या एका वीज उपकेंद्रात ऑपरेटर आहे. या नोकरीत माझे केस पांढरे झाले. त्यातले निम्मे वयानं झाले आणि निम्मे वरिष्ठांनी केले.

माझं काम ऐकायला सोपं आहे. खोलीत लोखंडी पॅनल उभे असतात, त्यावर स्विच असतात, एकेका स्विचवर पाच-पंचवीस गावांचा उजेड असतो. लाईनमनला पोलवर चढायचं असलं की तो आधी मला फोन करतो. मी त्याच्या लाईनचा स्विच पाडते, ‘माणसं काम करत आहेत’ ही पाटी त्यावर लटकवते आणि त्याला परमिट देते. परमिट म्हणजे माझा शब्द. तू खाली उतरून स्वतःच्या तोंडानं मला सांगत नाहीस तोवर ही लाईन मी चालू करणार नाही. ज्यानं परमिट घेतलं त्यानंच ते परत करायचं. त्याच्या बायकोनं नाही, सरपंचानं नाही, आणि साहेबानं तर नाहीच नाही. हा नियम साहेबांना माझ्यापेक्षा चांगला ठाऊक आहे. त्यांनी तो परीक्षेत लिहून मार्क मिळवलेत.

तर उन्हाळी धानाचे दिवस होते. धान निसवायला, लोंब्या बाहेर पडायला आलेला, आणि ऊन असं की खोलीच्या भिंतीला पाठ टेकवत नव्हती. अशा दिवसांत शेतीपंपांची लाईन बंद पडली की माणसं वेडीपिशी होतात, आणि त्यात त्यांचं काही चूक नाही. आमच्या घरच्याही धानाच्या बांध्या आहेत. पाण्याची पाळी चुकली की लोंबी पोचट राहते, हे मला कोणी शिकवायला नको.

त्या सकाळी तलावाच्या पारेवरच्या, म्हणजे बांधावरच्या, पोलचा जंपर जळला. दोन तारांना जोडणारा तुकडा असतो, त्याला आम्ही जंपर म्हणतो. तो जोडायला आमचा कंत्राटी लाईनमन निघाला. तिशीतला, अंगानं काटक, मला ताई म्हणतो. त्याच्यासोबत दुसरा माणूस असायला हवा, तसा नियमच आहे. पण दुसरा माणूस आमच्या इंजिनिअर साहेबांनी सकाळीच भलत्या गावी पिटाळला होता. काम करताना तार जमिनीला जोडून ठेवायची साखळी असते, तीही या पोराकडे नव्हती. मागून मागून त्याचं तोंड दुखलं होतं. म्हणजे तो आणि मरण यांच्यामध्ये काय उरलं, तर माझ्या पॅनलवरचा एक स्विच आणि माझी जीभ.

पारेकडे जाताना गावातूनच त्याचा फोन आला. “ताई, परमिट द्या.”

“दिलं. सांभाळून चढ बा.”

“तुमी हाये ना ड्युटीवर, मंग कायले घाबरू?” असं म्हणून हसला आणि फोन ठेवला.

दुपार चढली तसे माझे फोन सुरू झाले. लाईन कधी येते, काहून येऊन नाही राहिली, तुमाले झोपा लागतात का. मी प्रत्येकाला तेच सांगत होते. माणूस वर आहे, उतरला की देते. बहुतेक ऐकून घेत होते. शेतकऱ्याला माणूस वर आहे म्हटलं की कळतं, त्याला समजवावं लागत नाही. समजवावं लागतं ते शिकलेल्यांना.

मग साहेबांचा फोन आला. साहेब वयानं माझ्या लेकाएवढे आहेत, पण खुर्चीला अहो म्हणावं लागतं म्हणून म्हणते.

“मॅडम, लाईन चार्ज करा.”

“परमिट परत आलेलं नाही, साहेब.”

“अहो, उतरलाय तो. मला गावातून फोन आला. झाडाखाली पाणी पितोय म्हणून.”

“पाणी प्यायला उतरला असेल. मला त्यानं काही सांगितलं नाही.”

“मग त्याला विचारा ना.”

“फोन लागत नाही. पारेवर रेंज नसते.”

“मी सांगतोय ना तुम्हाला? जबाबदारी माझी.”

“मग तेवढं व्हॉट्सॲपवर टाका. माझ्या जबाबदारीवर लाईन चार्ज करा, एवढंच लिहा.”

फोन कट.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जबाबदारी माझी! किती स्वस्त झालाय हा शब्द. तोंडानं दहा वेळा घेतील आणि बोटानं एक ओळ टाईप करायला सांगितली की बोटाला लकवा मारतो. खरे साहेब व्हायचंय ना तुम्हाला? मग माझ्याकडून एक फुकटचा सल्ला घ्या. जे लिहून द्यायची छाती नाही, ते तोंडानं सांगू नका. तुमच्या हाताखालच्या माणसाला तुमचं इंग्रजी नको असतं, गाडी नको असते. उद्या काही वाकडं झालं तर आजचा शब्द तुम्ही गिळणार नाही, एवढंच त्याला पाहिजे असतं.

थोड्या वेळानं फाटकावर माणसं जमली. पंधरा-वीस असतील, नंतर वाढली. ओळखीचीच सगळी, काही तर आमच्या गावची. ओरडत होते, पण आत कोणी घुसलं नव्हतं. तेवढ्यात साहेबांची जीप आली. मला वाटलं, चला, आले बाई एकदाचे. आता हे लोकांसमोर उभे राहतील, मला निदान खोलीत शांत बसता येईल.

साहेब जीपमधून उतरले, गर्दीकडे वळले आणि म्हणाले, “मी तर लाईन द्यायला केव्हाचा तयार आहे. पण मॅडम ऐकतच नाहीत.”

मी खिडकीत उभी होते. माझ्या कानांनी ऐकलं. त्या घटकेला मला जो संताप आला तो आज लिहितानाही आला आहे, पेन कागदात रुततंय. मघापर्यंत ती माणसं विजेवर चिडलेली होती. साहेबांनी एका वाक्यात ती माझ्यावर सोडली. “ये मॅडम, तुया बापाची लाईन हाय का?” असं कोणीतरी ओरडलं. फाटक हलायला लागलं. आणि साहेब? साहेब रुमालानं मान पुसत होते.

आमच्याकडे आधी एक साहेब होते. फारसे बोलत नसत, हसत तर त्याहून कमी. अशीच गर्दी झाली की ते आतली खुर्ची उचलून फाटकात नेऊन टाकायचे आणि तिच्यावर बसायचे. म्हणायचे, “आतली बाई माझ्या हुकमानं काम करून राहिली. शिव्या द्यायच्या तं मले द्या, मी बसून हाये.” लोक द्यायचेही. ते पान खात ऐकून घ्यायचे. लाईन आली की खुर्ची उचलून परत आत आणायचे आणि आम्हाला कधी बोलून दाखवायचे नाहीत. त्यांना कुठला पुरस्कार मिळाल्याचं मी ऐकलं नाही. पण त्यांनी मध्यरात्री नदी ओलांडून ये म्हटलं असतं तरी आम्ही गेलो असतो.

असो. हे साहेब आत आले. कपाळावर आठ्या, आवाज खाली. “मॅडम, वातावरण बिघडतंय. वरून फोन येतायत. तुम्ही पॉझिटिव्ह विचार करा. तो उतरलेलाच आहे.”

मी खुर्चीतून उठले. पॅनलसमोरून बाजूला झाले.

“साहेब, हा स्विच. पाटी तुमच्या हातानं काढा, स्विच तुमच्या हातानं फिरवा. मी काही बोलत नाही.”

साहेबांनी स्विचकडे पाहिलं. पाटीकडे पाहिलं. मग मोबाईल काढला, त्यात उगाच काहीतरी पाहिलं आणि “मी जरा लोकांशी बोलतो” म्हणून बाहेर निघून गेले. खरं सांगते, त्यांनी हात पुढे केला असता तर मी त्या हाताला चावले असते. पण केलाच नाही. त्यांनाही ठाऊक होतं. पोरगा वर असू शकतो हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं! फक्त हात माझा हवा होता.

मग मीच फाटकावर गेले. पुढं आमच्या गावचे एक भाऊजी उभे होते, घरधन्याच्या बरोबरीचे, सगळ्यांत मोठ्यानं तेच ओरडत होते. मी म्हटलं, “भाऊजी, तुमची गाडी हाय ना? पारेवर जा. पोरगा खाली दिसला तं त्याले मागं बसवून घेऊन या. मी त्याच्या तोंडून ऐकते आन् लाईन देते. नाही दिसला तं वर पाहा.”

ते तणतणतच गेले. परत आले तेव्हा एकटे आले. गाडी स्टँडला लावायचं भान नव्हतं, ती तशीच आडवी पडली. तोंडावर घामाच्या धारा.

“वरच हाय तो,” भाऊजी म्हणाले. “दुसऱ्या पोलवर हाय. दोनी हातानं तार धरून हाय.”

पोरानं पहिल्या पोलचं काम उरकलं होतं, झाडाखाली दोन घोट पाणी प्यायला होता आणि पुढच्या पोलचाही जंपर सैल दिसला म्हणून परमिट न सोडता तिथं चढला होता. त्यात त्याची काडीची चूक नव्हती. परमिट होतं म्हणूनच तो चढला. मी शब्द दिला होता म्हणून चढला.

फाटकावर मघाशी माझा बाप काढणारा मान खाली घालून चपलेनं माती उकरत होता. आणि तेवढ्यात साहेबांचा आवाज आला. “बघा, म्हणूनच मी मघापासून सांगतोय, घाई करू नका.”

अरे देवा! मला वाटलं माझ्या डोक्याची शीर तुटते आता. लाज कुठं विकत मिळाली असती तर मी पदरच्या पैशानं आणून दिली असती त्या माणसाला. एक शब्द होता म्हणायला. चुकलो. मराठीत केवढासा शब्द आहे. तेवढा एक म्हणाले असते तर मी सगळं तिथंच सोडून दिलं असतं, चहा पाजला असता वर. माणूस चुकतो, मोठ्या पदावरचाही चुकतो. पण चूक दिसल्यावर जो ती दुसऱ्याच्या अंगावर टाकून स्वतः शहाणा होतो, त्याच्या हाताखाली जीव मुठीत घेऊनच राहावं लागतं.

पोरगा काम संपवून स्वतः उपकेंद्रात आला. माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, “ताई, परमिट परत करतो.” मी पाटी काढली, स्विच फिरवला, गावागावांतले पंप सुरू झाले. बाहेर कोणीतरी त्याला सगळं सांगितलंच होतं. तो फरशीवर बसला, तांब्याभर पाणी प्यायला आणि एवढंच विचारलं, “खुद्द साहेब म्हनले?”

मी हो म्हटलं. खोटं कायले बोलू?

पुढच्या आठवड्यात मला मेमो आला. वरिष्ठांशी उद्धट वर्तन. मी उत्तर दिलं की होय, केलं, आणि पुन्हा तसं घडलं तर पुन्हा करीन. त्यावर कोणी काही कळवलं नाही.

आता यंदाचं ऐका. भंडाऱ्याला आमचं एक प्रशिक्षण झालं. विषय म्हणे सकारात्मक आणि विश्वासार्ह नेतृत्व. सभागृह, पंखे, समोसा, चहा. साहेब पहिल्या रांगेत. खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून कंत्राटी पोरांनाही आणलं होतं. पुण्याहून आलेला तो शिकवणारा गृहस्थ बोलत होता ते काही खोटं नव्हतं. श्रेय वाटून घ्या, दोष स्वतःकडे घ्या, दिलेला शब्द पाळा. आमचे साहेब माना डोलावत वहीत लिहून घेत होते. ते पाहून माझा समोसा हातात तसाच राहिला.

शेवटी त्यानं एक खेळ काढला. एकानं डोळे मिटून, हात छातीशी धरून सरळ मागं पडायचं आणि मागच्यानं त्याला झेलायचं. विश्वास म्हणजे काय ते यातून कळतं म्हणे. झेलायला साहेब उत्साहानं स्टेजवर चढले. पडायला कोणीतरी खालचा माणूस हवा होता, तर त्यांनी बोट दाखवलं ते नेमकं आमच्या लाईनमनकडे. तो गडबडून उठला. त्याचं कंत्राट त्याच महिन्यात संपत होतं आणि पुढच्या कंत्राटाला शिफारस साहेबांचीच लागते. नाही कसं म्हणणार बिचारा? माझ्या शेजारून उठून गेला, स्टेजवर उभा राहिला, डोळे मिटले. मागं साहेब हात पसरून तयार. फोटोवाला पुढं धावला.

सगळ्यांनी मिळून एक, दोन, तीन म्हटलं.

तो पडला नाही.

“पडा, पडा, घाबरू नका,” शिकवणारा म्हणाला. पुन्हा एक, दोन, तीन झालं. पोरगा खांबासारखा उभा. “अरे, भरोसा ठेव ना,” साहेब मागून हसत म्हणाले.

त्या आवाजानं त्यानं डोळे उघडले. मागं वळून साहेबांकडे पाहिलं. आवाज काही चढवला नाही, पण माईक जवळ होता, सगळ्यांना ऐकू गेलं.

“साहेब, माया घरी दोन लेकरं हायेत.”

एवढं बोलून तो पायऱ्या उतरला आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसला. मागं कोणीतरी हसायला लागलं आणि मधेच थांबलं. साहेबांचे हात अजून तसेच पसरलेले होते. शिकवणाऱ्यानं सभागृहावरून नजर फिरवली, म्हणाला, बरं, दुसरं कोणी येतंय का?

मी मागं वळून पाहिलं. लाईनमन, ऑपरेटर, कारकून, ड्रायव्हर, सगळे बसून होते. एकही खुर्ची हलली नाही.